सिच्वानची रेल्वे कपात आणि १९११

चीनमधलं चिंग राजघराणं उलथवणाऱ्या १९११ च्या क्रांतीबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं त्यात क्रांतिकारक नेते सन यत्-सेन असतात, कापलेल्या वेण्या असतात, पाच वर्षांचा सम्राट पूयी असतो आणि हुबेई प्रांतातल्या वूचांग शहराचं सैनिकी बंड असतं. सिच्वान प्रांतातली रेल्वे मात्र एका ओळीत उरकलेली असते: ‘रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणामुळे असंतोष भडकला.’ आता रेल्वे सरकारची झाली म्हणून कोणी दुकानाला कुलूप लावून सारा भरायचं थांबवतं का? तिथे थांबवलं. का, ते त्या कंपनीचा हिशेब पाहिल्याशिवाय कळत नाही.

आणि तो हिशेब आपल्या भागातल्या माणसाला चटकन कळण्यासारखा आहे. ऊसबिलाच्या स्लिपवर ‘शेअर्स कपात’, ‘परतीची ठेव’, ‘बिनपरतीची ठेव’ हे रकाने ज्यांनी आयुष्यभर पाहिलेत, त्यांना सिच्वानी शेतकऱ्याचं दुखणं वेगळं समजावून सांगायला नको.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८९५ मध्ये जपानकडून मार खाल्ल्यावर चीनमध्ये रेल्वेच्या सवलती वाटल्या गेल्या. मांचुरियात रशिया, शांतुंगमध्ये जर्मनी, युन्नानमध्ये फ्रान्स. सवलत म्हणजे नुसते रूळ नव्हते. रुळांच्या कडेच्या खाणी, पहारा, जमीन असं बरंच काही त्याबरोबर जायचं. त्यामुळे १९०० नंतर सुशिक्षित चिनी तरुणाच्या लेखी देशाचा नकाशा म्हणजे कुठली लाईन कोणाकडे, हा नकाशा झाला. दक्षिणेतल्या कँटनपासून यांगत्से नदीवरच्या हांकौपर्यंतच्या लाईनची सवलत १८९८ मध्ये एका अमेरिकन कंपनीला दिली होती. ती १९०५ मध्ये ६७.५ लाख डॉलर मोजून परत घेतली गेली. मोठा विजय म्हणून त्याचा गाजावाजा झाला. पैसे कुठून आणले? हाँगकाँगच्या ब्रिटिश सरकारकडून ११ लाख पौंड कर्ज काढून. ही गंमत लक्षात ठेवा, पुढे मोठ्या आकड्यांत पुन्हा भेटते.

१९०५ हे सालच तसं होतं. जुलैत शांघायच्या व्यापाऱ्यांनी अमेरिकन मालावर बहिष्कार घातला, कारण अमेरिकेत चिनी मजुरांना बंदी होती. ऑगस्टमध्ये कलकत्त्यात स्वदेशीचा ठराव झाला, ऑक्टोबरमध्ये पुण्यात परदेशी कापडाची होळी पेटली. टोकियोत ऑगस्टमध्येच सन यत्-सेन यांच्या पुढाकाराने तुंगमंगहुई ही क्रांतिकारक संघटना उभी राहिली. दोन्ही देशांत एकच विचार जोर धरत होता: आपलं भांडवल, आपला कारखाना. आपल्याकडे पैसा फंडाने माणशी एक पैसा मागून तळेगावचा काच कारखाना उभा केला, कोल्हापुरात १९०६ मध्ये शाहू मिल आली. फरक असा की पैसा फंडात पैसा द्यायचा की नाही हे देणाऱ्याच्या मर्जीवर होतं. सिच्वानमध्ये नव्हतं.

सिच्वान म्हणजे चीनचं कोठार. चारी बाजूंनी डोंगर, बाहेर पडायला यांगत्से नदीच्या घळी. प्रांताची राजधानी चेंगडूपासून हांकौपर्यंत रेल्वे काढायची आणि ती परदेशी पैशाला हात न लावता काढायची, म्हणून १९०४ मध्ये तिथल्या व्हाईसरॉयने (सम्राटाने नेमलेल्या प्रांताधिकाऱ्याने) कंपनी काढली. १९०७ मध्ये ती कागदोपत्री पूर्ण खासगी, म्हणजे भागधारकांची झाली. शेअर ५० ताएलचा. ताएल म्हणजे सुमारे ३७ ग्रॅम चांदी, तेव्हा एका शेअरला पावणेदोन किलोहून जास्त चांदी लागणार. एवढी रोकड असलेले लोक थोडे. मग योजना अशी झाली: ज्याचं वर्षाचं उत्पन्न किंवा खंड दहा मापांपेक्षा जास्त आहे (त्यांचं एक माप आपल्या हिशेबाने साधारण १०० लिटर), त्याच्याकडून प्रत्यक्ष आलेल्या पिकाच्या ३ टक्के कापून घ्यायचे. धान्य नाही, स्थानिक भावाने रोख.

वीस मापांचा, म्हणजे सुमारे २००० लिटर धान्याचा शेतकरी घ्या. त्याचे ६० लिटर गेले. त्या रकमेची पावती मिळाली. पावत्या साठत साठत ५० ताएल झाल्या की एक पूर्ण शेअर, व्याज शेकडा ४. मध्यम शेतकऱ्याला पूर्ण शेअर हातात पडायला किती वर्षं लागणार, हे ज्याचं त्याने मोजावं. तोवर तो भागधारकही नाही आणि सुटलेलाही नाही.

वसुली कोण करणार? कंपनीकडे माणसं नव्हती. गावोगावचे जे लोक सारा गोळा करायचे तेच हीही रक्कम गोळा करू लागले. त्यामुळे लोक त्याला शेअर म्हणतच नव्हते, रेल्वेचा कर म्हणत होते. जमीनदारांनी जमेल तिथे बोजा कुळांवर ढकलला. थकबाकीदाराला साऱ्याच्या थकबाकीदारासारखीच वागणूक. पण पैसा आला. कंपनीच्या एकूण भांडवलाचा निम्म्याहून बराच मोठा हिस्सा या कपातीतून उभा राहिला. राष्ट्रवादाबद्दल लिहिताना आपण वर्तमानपत्रं, विद्यार्थी, कविता यांच्याकडे पाहतो. सिच्वानच्या खेड्यात राष्ट्रवाद पोहोचला तो पावतीवर शिक्का मारून. आवडीने नसेल, पण लाखो घरांचा त्या रेल्वेशी पैशाचा संबंध आला. एखाद्या क्रांतिकारक पत्रकाला हे जन्मात जमलं नसतं.

आता रेल्वेचं काय झालं ते. मुख्य अभियंता म्हणून चान त्येनयौ यांना आणलं. पेकिंग-कालगन लाईन चिनी अभियंत्यांकडून बांधून घेणारा हाच माणूस, ती १९०९ मध्ये पूर्ण झाली होती. म्हणजे माणूस चांगला निवडला होता. अडचण जागेची होती. सुरुवात कुठून करायची? आगबोटी यांगत्सेतून नेमाने यिचांगपर्यंत यायच्या. त्याच्या वर खडक आणि भोवरे, नावा माणसांनी दोरखंडाने ओढायच्या. रूळ, सिमेंट, इंजिनं आणायची तर यिचांगहूनच सुरुवात करणं शहाणपणाचं, म्हणून १९०९ च्या अखेरीस तिथे काम सुरू झालं. पण यिचांग हुबेई प्रांतात. पैसे कापले जातायत सिच्वानच्या शेतात आणि कुदळ पडतेय शेजारच्या प्रांतात. चेंगडू-चुंगकिंग हा स्वतःच्या प्रांतातला, मानाने सोपा भाग आधी करा अशी मागणी होती, ती बाजूला पडली. अभियांत्रिकीच्या दृष्टीने निर्णय बरोबर होता, सभासदांच्या दृष्टीने घोडचूक. तेवढ्या भागात जरी गाडी धावली असती तरी लोकांनी पुढची दहा वर्षं मुकाट कपात दिली असती, असं मला वाटतं. आपल्याकडे दरबारच्या पैशाने मिरज-कोल्हापूर गाडी १८९१ मध्ये आली, ती प्रत्यक्ष आली म्हणून तिच्या खर्चाबद्दल कोणी कुरकुर करत नाही. घाट उतरून कोकणात जाणारी गाडी मात्र अजून आश्वासनांतच आहे, आणि तिच्यावर बोलायला कोल्हापुरात कोणालाही थांबवून पाहा.

पैसा येतोय आणि खर्च होत नाही, ही कुठल्याही संस्थेतली सगळ्यात धोक्याची अवस्था. कंपनीचा बराच पैसा शांघायमधल्या पेढ्यांत पडून होता. १९१० च्या सुरुवातीला रबराचा बाजार पेटला. अमेरिकेत मोटारी वाढल्या, टायरला रबर हवं, म्हणून जावा-मलायातल्या मळ्यांच्या कंपन्या धडाधड निघाल्या आणि त्यांचे शेअर शांघायमध्ये वेड्यासारखे चढले. काही कंपन्यांच्या मळ्यात तर झाडं अजून लावायचीच होती. चिनी पेढ्यांनी ठेवीदारांचा पैसा आणि परदेशी बँकांची उसनवारी दोन्ही त्यात घातलं. लंडनला रबराचा भाव घसरला, परदेशी बँकांनी उसने पैसे परत मागितले, आणि जुलै १९१० मध्ये पेढ्या एकामागून एक बसल्या. सिच्वान कंपनीच्या शांघायच्या व्यवस्थापकाने पेढ्यांत ठेवलेला आणि शेअरमध्ये घातलेला मिळून सुमारे ३० लाख ताएल बुडाले. शेतकऱ्याने भातातून दिलेला पैसा मलायाच्या रबरात वाहून गेला. सर्वसाधारण सभेत याचं उत्तर कोण देणार?

इथे पेकिंगचा, म्हणजे केंद्र सरकारचा प्रवेश होतो. दळणवळण मंत्री शंग श्वानह्वाय. रेल्वे, तारायंत्र, पोलादाचा कारखाना, बँक, सगळ्यात हात असलेला गृहस्थ. त्याचं म्हणणं: प्रांतांच्या कंपन्या इतक्या वर्षांत रेल्वे बांधू शकलेल्या नाहीत, पुढेही बांधू शकणार नाहीत. हे खरंच होतं. ९ मे १९११ ला मुख्य लाईन (सिच्वानची आणि कँटन-हांकौही) सरकारजमा करण्याचं फर्मान निघालं. आदल्याच दिवशी नवं मंत्रिमंडळ जाहीर झालं होतं, त्यात १३ पैकी हान, म्हणजे बहुसंख्य चिनी समाजातले, फक्त चार. बाकी बहुतेक मांचू, म्हणजे राज्यकर्त्या चिंग घराण्याच्या जमातीतले, त्यातले बरेच राजघराण्यातले. संविधानाची वाट पाहणारे मवाळ लोक त्या एका यादीने हताश झाले. आणि २० मे ला ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स आणि अमेरिका या चार देशांच्या बँकांशी ६० लाख पौंडांचा करार झाला. व्याज ५ टक्के, मुदत ४० वर्षं. परदेशी पैसा नको म्हणून ज्या लाईनसाठी सात वर्षं कपात केली, तीच लाईन आता परदेशी पैशावर.

तरीही भरपाई नीट दिली असती तर प्रकरण मिटलं असतं. शंगने तिथेच वाट लावली. हुनान आणि हुबेईच्या खासगी भागधारकांना मूळ रक्कम पूर्ण परत. कँटनवाल्यांना ६० टक्के परत, उरलेल्याचे बिनव्याजी रोखे. सिच्वानला? प्रत्यक्ष कामावर खर्च झालेल्या सुमारे ४० लाखांचे रोखे, शिल्लक सुमारे ७० लाख परत न देता पुन्हा त्याच रेल्वेत किंवा प्रांतातल्या उद्योगात गुंतवायचे, आणि रबरात बुडालेले ३० लाख? ते तुमचे तुम्ही बघा. सट्टा सरकारने खेळला नव्हता, तेव्हा सरकारने तो का भरावा, हा युक्तिवाद हिशेबनिसाचा म्हणून चोख आहे. पण ज्याच्या भातातून पैसा कापला त्यानेही सट्टा खेळला नव्हता. शिवाय कपात सरकारी शिक्क्याने झाली होती. चार प्रांतांना तीन भाव आणि सगळ्यात कमी भाव सगळ्यात जास्त गरिबांच्या पैशाला: यातून काय निघणार हे पेकिंगमध्ये कोणाला दिसलं नाही.

१७ जूनला चेंगडूत ‘रेल्वे रक्षक संघ’ स्थापन झाला. पुढारी पू त्येनच्युन आणि लुओ लुन, दोघेही प्रांतिक सभेचे. पू जपानमध्ये कायदा शिकून आलेला. यातलं कोणीही त्या वेळी राजवट उलथवायला निघालं नव्हतं. अर्ज, विनंत्या, शिष्टमंडळ, सगळं रीतसर. हंगामी व्हाईसरॉय वांग रनवन याने त्यांची बाजू पेकिंगला कळवली, तर त्यालाच बदललं. त्याच्या जागी आला चाओ अरफंग, तिबेटच्या सीमेवर कत्तली केल्यामुळे ‘खाटीक’ म्हणून ओळखला जाणारा.

२४ ऑगस्टला चेंगडूत हरताळ. दुकानं बंद, शाळा बंद. आणि या हरताळातली एक युक्ती मला सगळ्या क्रांतीतली सगळ्यात हुशार वाटते. १९०८ मध्ये वारलेल्या ग्वांगशू सम्राटाच्या नावाची पाटी लोकांनी घरोघरी, दुकानांसमोर लावली, पुढे उदबत्त्या. दोन्ही बाजूंना त्याच्याच फर्मानांतली वाक्यं: ‘कारभार लोकमताने चालावा’ आणि ‘रेल्वे व्यापाऱ्यांनी चालवावी’. मोठ्या रस्त्यांवर आडवे मांडव घालून त्यावर हीच पाटी बसवली. आता अधिकाऱ्याची पालखी आली की पंचाईत. दिवंगत सम्राटाच्या नावाखालून पालखीत बसून जाणं म्हणजे अपमान, आणि मांडव पाडणं म्हणजे त्याहून मोठा गुन्हा. साहेबांनी उतरून चालत जायचं. बंडखोरी इतकी राजनिष्ठ दिसेल अशी मांडणी केली की गोळी घालायलाही कारण सापडू नये.

१ सप्टेंबरला भागधारकांच्या सभेने सारा न भरण्याचा ठराव केला. आता मात्र हे पेकिंगच्या खिशाला लागलं. ७ सप्टेंबरला चाओने पू, लुओ आणि इतरांना बोलणीसाठी म्हणून बोलावून अटक केली. बातमी फुटताच लोक त्याच ग्वांगशूच्या पाट्या डोक्यावर धरून वाड्यासमोर जमले. गोळीबार झाला, तीसहून जास्त माणसं मेली. शहराचे दरवाजे बंद, तारा बंद.

मग बातमी बाहेर गेली कशी? नदीने. क्रांतिकारकांनी शेकडो लाकडी फळ्या घेतल्या, त्यावर थोडक्यात मजकूर लिहिला: चाओने पू आणि लुओ यांना धरलं, आता सिच्वानवर येणार, सगळीकडच्या मित्रांनी उठावं. फळ्यांना तुंग झाडाचं तेल लावलं की अक्षर पाण्याने जात नाही. त्या रात्री चेंगडूतून वाहणाऱ्या जिन नदीत सोडून दिल्या. पावसाळ्याचं भरलेलं पाणी, खाली प्रत्येक गावाचा घाट. लोक त्याला ‘पाण्याची तार’ म्हणू लागले. काही दिवसांत आसपासच्या तालुक्यांतली सशस्त्र माणसं चेंगडूला वेढा घालू लागली. त्यात ‘पाओगो’ या गुप्त मंडळीचे लोक भरपूर होते. वकील-पुढाऱ्यांच्या हातातून सूत्रं गेली ती इथे. २५ सप्टेंबरला रोंग तालुक्याने चिंग राजवटीपासून स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं, वूचांगच्या पंधरा दिवस आधी.

वूचांगची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, म्हणून फक्त जोड दाखवतो. सिच्वान आवरायला त्वानफांग या अधिकाऱ्याबरोबर हुबेईच्या ‘नव्या सैन्या’तल्या (पाश्चात्त्य पद्धतीने घडवलेल्या) तुकड्या पाठवल्या गेल्या. वूचांग तेवढं रिकामं झालं. उरलेल्या पलटणींत क्रांतिकारक मंडळांचे सभासद हजारोंनी होते. ९ ऑक्टोबरला हांकौच्या रशियन वस्तीत बाँब बनवताना स्फोट झाला, पोलिसांच्या हाती नावांच्या याद्या लागल्या, दुसऱ्या दिवशी पहाटे तिघांची डोकी उडवली. यादीत आपलं नाव आहे की नाही हे कोणालाच माहीत नाही, तेव्हा थांबण्यात काही राम नव्हता. १० तारखेच्या रात्री इंजिनिअर बटालियनने गोळी झाडली आणि दारूगोळ्याचं कोठार ताब्यात घेतलं, कारण वरिष्ठांनी शिपायांकडच्या गोळ्या आधीच काढून घेतल्या होत्या. तोफा आल्या, पण अंधारात नेम धरता येईना, म्हणून व्हाईसरॉयच्या वाड्याजवळची घरं-दुकानं पेटवून उजेड केला. व्हाईसरॉय मागची भिंत फोडून गनबोटीवर पळाला. सन यत्-सेन तेव्हा अमेरिकेत डेन्व्हरला होते, त्यांना हे वर्तमानपत्रातून कळलं.

त्वानफांगचं पुढे काय झालं? नोव्हेंबरच्या अखेरीस सिच्वानमध्ये त्याच्याच शिपायांनी त्याला मारलं. चाओ अरफंगचं डोकं डिसेंबरमध्ये चेंगडूत उडवलं. पू त्येनच्युन सुटला, प्रांताचा प्रमुख झाला आणि पगार न मिळालेल्या सैनिकांच्या दंग्यात बारा दिवसांत पायउतार झाला. १२ फेब्रुवारी १९१२ ला पूयीच्या नावाने राजत्याग जाहीर झाला.

आणि रेल्वे? १९१२ मध्येच प्रजासत्ताकाने ती सरकारजमा केली. तीच लाईन, तेच धोरण, फक्त शंगऐवजी दुसरी सही. सन यत्-सेन यांना प्रजासत्ताकाचा अध्यक्ष युआन शिकाईने रेल्वेचं खातं दिलं, तर ते दहा वर्षांत २ लाख ली, म्हणजे सुमारे १ लाख किलोमीटर रूळ टाकण्याच्या गोष्टी करू लागले, अर्थातच परदेशी भांडवलावर. एप्रिल १९१३ मध्ये युआनने परदेशी बँकांकडून अडीच कोटी पौंड घेतले, मिठाच्या उत्पन्नावर. ६० लाखांवरून राजवट गेली होती. त्या ६० लाखांचे रोखे तर पुढे इतके चिवट निघाले की १९७९ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामाच्या कोर्टात काही रोखेधारकांनी चीन सरकारवर दावा लावला. कोर्टाने आधी त्यांच्या बाजूने एकतर्फी निकाल दिला आणि नंतर तो मागे घेतला.

चेंगडूच्या पीपल्स पार्कमध्ये १९१३ मध्ये बांधलेला रेल्वे हुतात्म्यांचा मनोरा आहे. तिथल्या माणसाला जी चेंगडू-चुंगकिंग लाईन आधी हवी होती, ती १ जुलै १९५२ ला सुरू झाली, ५०५ किलोमीटर. यिचांगहून वर जाणारी, जिथे चान त्येनयौंनी कुदळ मारली होती, ती यिचांग-वानचौ लाईन डिसेंबर २०१० मध्ये झाली. लांबी ३७७ किलोमीटर, त्यातला जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पूल आणि बोगदे. चुनखडीचे डोंगर, आत पाण्याने पोखरलेल्या गुहा, बोगदा खणताना अचानक पाणी आणि चिखल आत घुसायचा. आजच्या यंत्रांनीही सात वर्षं लागली. १९०९ मध्ये सुरुंग, पहार आणि टोपल्यांवर हे काम होणार होतं, आणि ते भाताच्या ३ टक्क्यांतून.